खर्ड्यात मोगलाई बुडाल्याचा सण

खर्ड्याहून परत येऊन पंधरवडा होत आला. भेटेल ती बाई विचारते, "कीर्तन कसं झालं?" मी "चांगलं झालं" म्हणते आणि विषय बदलते. कीर्तन खरोखरच चांगलं झालं. माणसं हसली, बायकांनी डोळे पुसले, शेवटच्या जयजयकाराला सगळा मांडव उभा राहिला. पण त्या प्रवासाची सगळी हकिगत सांगायची तर झांज हातात घेऊन, उभ्यानं, ती सांगता येणार नाही. म्हणून खाली बसून लिहिते आहे. आपल्या जिल्ह्याची ती पूर्वेकडची कड ज्यांनी पाहिली नाही आणि तिथला हा नवा सण ज्यांच्या कानावर नाही, त्यांनी निदान वाचावं.

मी राष्ट्रीय कीर्तन करते. यजमान गेले तेव्हा मी पंचविशीत होते. सासरे कीर्तनकार. घरात रडत बसण्यापेक्षा त्यांनी मला झांज दिली आणि मागं उभं केलं. पुढं ते थकले आणि त्यांच्या जागी मी उभी राहिले. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण आणि उत्तररंगात देवादिकांच्या कथेऐवजी इतिहासातलं आख्यान, ही आमच्या घरची रीत. तबल्याच्या साथीला सासऱ्यांच्या वेळेपासून चाँदभाई. नगरात तबले-ढोलक्या मढवायचं त्यांचं दुकान आहे. माझा श्वास कुठं संपणार हे माझ्या आधी त्यांना कळतं. त्यांच्या आईच्या हातचा शिरखुर्मा मी वर्षानुवर्षं खाल्ला आहे, आणि त्यांची धाकटी बहीण मोगलाईत दिलेली आहे एवढंही मला ठाऊक होतं. गेल्या वर्षभरात ती कशी आहे, हे मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

भाद्रपदात खर्ड्याहून अण्णांचं बोलावणं आलं. अण्णा तिथले किराणा दुकानदार आणि गावचे पुढारी. निजामाचं राज्य बुडाल्याला वर्ष होतंय, त्या दिवशी गावानं सण करायचं ठरवलंय, तुम्ही खर्ड्याच्या लढाईचं आख्यान लावा, असा निरोप होता. मी म्हटलं, पितृपंधरवडा चालू आहे. निरोप्यानं अण्णांचं उत्तर तयारच आणलं होतं: देशकार्याला पितृपंधरवडा लागत नाही.

चाँदभाईंना विचारायला मी जरा कचरतच गेले. त्यांनी हातातली चामड्याची वादी बाजूला ठेवली आणि ताबडतोब म्हणाले, "येतो की, बाई. कधी निघायचं?" त्यांचा हा उत्साह पाहून मला बरं वाटलं. आपला माणूस मनानं किती स्वच्छ आहे, असंही वाटलं.

जामखेडपर्यंत

नगर सोडून मोटार पूर्वेला लागली की थोड्याच वेळात हिरवा रंग विरळ होतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या बाजूला, या दिवसांत भात कमरेएवढा आणि डोंगरातून पाणी वाहतंय. इथं बाजरीची कणसं भरली होती खरी, पण ताटं गुडघ्याच्या वर नव्हती. बांधाबांधाला तरवड पिवळा फुललेला. गाडीत माणसांपेक्षा गाठोडी जास्त होती. चाँदभाईंनी तबला टपावर टाकू दिला नाही, मांडीवर घेतला. शेजारच्या म्हातारीला ते गाठोडं सपाट आणि सोयीचं वाटलं. तिनं विचार न करता आपली कोंबडीची पाटी त्यावर ठेवली. कोंबडीनं वाटेत काय करायचं ते केलं. चाँदभाई म्हणाले, "बाई, आजवर बुक्का लागत होता, आज हे लागलं." आम्ही दोघंही बराच वेळ हसलो. त्या प्रवासातलं निर्मळ हसणं तेवढंच.

हा रस्ता मध्येच काही मैल मोगलाईतून जातो. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. या भागात अजूनही सगळे तसंच म्हणतात. सरहद्द म्हणजे कुठं ओढा, कुठं नुसता बांध. या बांधाच्या आपल्या बाजूला देश स्वतंत्र झाला तेव्हा गावोगाव झेंडे लागले, पेढे वाटले. पलीकडे तोच झेंडा लावणाऱ्याला मार बसत होता. पुढं रझाकार मोकाट सुटले. रात्रीत गावं उठून अलीकडे यायला लागली, बैलगाडीत म्हातारी माणसं आणि जाती-पाटे घालून. अलीकडे सरहद्दीवर निजामाशी लढणाऱ्या तरुणांचे कॅम्प उभे राहिले. मग गेल्या वर्षी, गणपती बोळवायच्या सुमारास, आपली फौज आत गेली आणि चार-पाच दिवसांत निजामानं हात वर केले. जामखेडला मुक्काम केला त्या घरचे गृहस्थ म्हणाले, "तुमचा पंधरा ऑगस्ट आमाला तेरा महिन्यांनी आला, बाई. शेजारी आग असल्यावर आपल्या घरात दिवाळी कशी करायची?"

त्यांच्याकडे रात्री हुलग्याचं शेंगोळं आणि बाजरीची भाकरी होती. नगरात मी शेंगोळं खाते, पण हे झणझणीत आणि दाट, लसणाचा हात सढळ. मी दोनदा वाढून घेतलं.

खर्डा

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत खर्ड्याला पोचलो. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण, रस्त्याला कागदी पताका. या सणाला अजून नाव पडलेलं नाही. कोणी मुक्तीचा दिवस म्हणत होतं, कोणी निजाम पडल्याचा. बायका सरळ "मोगलाई बुडाल्याचा सण" म्हणत होत्या. मला तेच नाव आवडलं.

अण्णा वेशीवर सामोरे आले. पन्नाशीचे, उंच, आवाज भरदार. त्यांनी मला नमस्कार केला आणि चाँदभाईंकडे पाहून विचारलं, "हे?"

"तबल्याला. चाँदभाई."

"असं," अण्णा म्हणाले. पुढं किल्ला दाखवायला नेलं तेव्हा ते माझ्याशीच बोलत राहिले. खर्ड्याचा किल्ला डोंगरावरचा नाही, भुईकोट आहे. चौकोनी, जाड तटाचा, आत मशीद आणि मोठी विहीर. दीडशे वर्षांमागं मराठ्यांच्या फौजेपुढं निजामानं याच किल्ल्यात आसरा घेतला आणि तह केला. माझं आख्यान तेच. ज्या दगडांवर उभं राहून गोष्ट सांगायची ते पायांखाली असले की अंगात वेगळं बळ येतं. मी तटावरून पूर्वेकडे पाहिलं. चाँदभाई माझ्या आधीच तिकडे पाहत उभे होते.

जेवायला अण्णांच्या घरी. माजघरात माझं पान मांडलं होतं. चाँदभाईंचं पान बाहेर ओसरीच्या टोकाला, पत्रावळीवर. नगरातही अशा रीती मी पाहिल्या आहेत, आणि चाँदभाई अशा वेळी काही दाखवत नाहीत. पण इथं वाढणाऱ्या माणसानं भाकरी वरून टाकली. मी ते पाहिलं आणि पुढं जेवले.

अण्णांच्या पत्नी, त्यांना सगळे काकू म्हणतात, मला वाढत होत्या. बोलायला अगदी कमी. त्यांचं माहेर ओढ्यापलीकडचं. रझाकारांनी घर जाळलं, वडिलांना दारात मारलं. आई अंगावरच्या लुगड्यानिशी इथं आली आणि महिनाभरात गेली. हे त्यांनी मला चटणी वाढता वाढता दोन वाक्यांत सांगितलं. म्हणाल्या, "उद्या वडलांचं महाळ हाय. भावाचा पत्ता न्हाई, म्हनून इथंच घालतो." या गावाला सण करायचा हक्क नाही असं कोण म्हणेल?

जेवणानंतर अण्णांनी मला बाजूला घेतलं. "तबल्याला आमच्या गावातला एक जण आहे. चांगला वाजवतो. यांना जरा विश्रांती घेऊ द्या."

"त्यांच्याशिवाय माझं कीर्तन उभं राहत नाही," मी म्हटलं.

"तुमची मर्जी. लोकांची मनं अजून ओली आहेत, एवढंच."

मी माझ्या उत्तरावर खूश होते. आपण ठाम राहिलो असं वाटत होतं.

परगावच्या माणसांना उजेडी परतता यावं म्हणून कीर्तन चौथ्या प्रहरी ठेवलं होतं. मांडव खच्चून भरला. पेटीला शाळेतले गुरुजी होते. पूर्वरंग संपला आणि रीतीप्रमाणे एक जण हार-बुक्का घेऊन आला. मला हार घातला, बुक्का लावला. गुरुजींना लावला. चाँदभाईंनी वीसेक वर्षांच्या सवयीनं मान पुढं केली होती. तो माणूस ताट घेऊन खाली उतरला. चाँदभाईंनी मान मागं घेतली आणि तबल्यावरची हातोडी उचलून, सुरात असलेला तबला पुन्हा ठोकून पाहिला.

उत्तररंग रंगला. लढाई झाली, तह झाला, आणि मी गेल्या वर्षावर आले. इथं मी एक विनोद बसवला होता. फौज आल्यावर पळणारा एक रझाकार, पायजमा धरून पळतो, बाभळीत अडकतो, आणि काट्यालाच हात जोडून म्हणतो, "मेरेकू नक्को मारो बाबा, मेरेकू छोड दो." नगरात यावर लोक हसले होते. इथं मांडव कोसळला. मी ते पुन्हा म्हटलं. हा लहेजा मला छान साधतो, कारण तो मी चाँदभाईंच्या आईकडून उचललेला आहे.

हशा ओसरतो न ओसरतो तोच पुढच्या ओळीतून एक जण ओरडला, "बाई, तुमचा रझाकार तुमच्या मागंच बसलाय की."

पुन्हा हशा. पहिल्यापेक्षा मोठा. माणसं माना उंचावून चाँदभाईंकडे बघायला लागली.

मी कीर्तनकार आहे. हशा आला की तो अंगावर घ्यायचा आणि त्याच लाटेवर पुढच्या पदाला उडी मारायची, हे मला सासऱ्यांनी शिकवलं आहे. मी हसले. त्या माणसाकडे बघून हसले, आणि पद उचललं. मागून ठेका आला, नेहमीसारखा, नेमका. मला वळून बघायचं धाडस झालं नाही. पद संपेपर्यंत माझी पाठ जळत होती.

संपल्यावर लोक पाया पडून गेले. मांडव रिकामा झाला. चाँदभाई तबल्याला गवसणी घालत होते.

"चाँदभाई," मी हाक मारली.

ते म्हणाले, "ठेका सोडला असता तर तुमी पडला असता, बाई."

"मी थांबायला हवं होतं."

"थांबला असता तर उद्या गाडी कुनी दिली असती?"

"कसली गाडी?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बहीण आमिना इथून दोन-तीन कोसांवर, ओढ्यापलीकडच्या गावात दिली होती. मेहुणा लालाभाई पिंजारी, गावाचा कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायचा. फौज येऊन गेल्यावर त्या बाजूला जे झालं त्यात तो गेला. आमिनाचं काय झालं ते आठ महिने कळलं नाही. उन्हाळ्यात एक बांगड्या विकणारा कासार दुकानाशी थांबला आणि म्हणाला, तुमची बहीण आहे.

"मग गेला का नाही?"

"एकटा? या वाटेनं?" चाँदभाई माझ्याकडे पाहत म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कीर्तनाच्या बाईंसंगं आलो म्हनून इथवर आलो."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमच्यानं आख्यान झालं असतं का?"

मला वाटत होतं की मी मोठ्या मनानं चाँदभाईंना बरोबर आणलं. ते माझ्या आडोशानं चालत आले होते, आणि आडोशाची किंमत म्हणून त्यांनी तो हशा मुकाट सोसला होता.

ओढ्यापलीकडे

सकाळी मी अण्णांना गाडी मागितली. चाँदभाईंचे नातलग पलीकडे आहेत, भेटून येतो, एवढंच म्हटलं. गावाचं नाव ऐकल्यावर अण्णांनी नजर दुसरीकडे वळवली. "गाडी न्या. गडी देतो," म्हणाले. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. पूर्वी इथं निजामाची चौकी होती. आता तिच्या भिंतीला टेकून दोन शेरडं उभी होती. पलीकडची माती तीच, बाजरी तीच. बांधावरची माणसं अलीकडच्यासारखीच पटका बांधलेली. मी सरहद्द म्हणून काहीतरी वेगळं शोधत होते.

त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात, आणि आमिनाला जिनं वाचवलं तीही तिथंच आहे.

चावडीवर आदल्या दिवशीचा झेंडा होता. खाली चार माणसं बसली होती. गाडी दिसताच त्यांचं बोलणं थांबलं. गड्यानं विचारलं, "पिंजाऱ्याचं घर?" एकानं हात वर करून दिशा दाखवली आणि हात पटकन खाली घेतला. घराच्या नुसत्या भिंती होत्या, धुरानं काळ्या, आणि आत तरवड उगवला होता. चाँदभाई उंबऱ्याच्या जागी उभे राहिले. आत गेले नाहीत.

विहिरीवरून येणारी एक बाई खालच्या मानेनं पुटपुटली, "सोनाबाईकडं जा. कडेचं घर."

सोनाबाई साठीची मराठा विधवा, पाठीत वाकलेली. अंगणात एक बाई शेण कालवत होती. नऊवारी लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. चाँदभाई तिच्या बाजूनं पुढं गेले आणि सोनाबाईंना म्हणाले, "मी आमिनाचा भाऊ. नगरचा."

मागून ती शेणाच्या हातांची बाई म्हणाली, "दादा."

चाँदभाई वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. क्षणभर त्यांना ओळख पटेना, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ते मटकन अंगणातच बसले. आमिना हात धुवायचंही विसरली. त्यांच्या डोक्याला हात लावू की नको अशी ती उभी राहिली. शेवटी कोपरानं त्यांचं डोकं जवळ ओढलं.

सोनाबाई मला म्हणाल्या, "कुकू मी लावलं. भाची म्हनून ठेवली. तिला लावू वाटत नव्हतं. मी म्हनलं, नवरा गेला ते खरं, पर आता त्योच तुला ह्या कुकवात राखील." मग गुळाचा चहा ठेवायला आत गेल्या.

आमिना हळूहळू बोलली. माझ्याशीच जास्त, भावाकडे बघून तिला बोलवेना. मराठी अगदी त्या गावची. "फौज आली म्हनल्यावर त्ये खुश हुते. रझाकार त्यांनाबी छळायचे, आमच्यात का येत न्हाईस म्हनून. म्हनले, आता सुखानं कापूस पिंजू. मग चार रोजांनी मानसं आली. लई मानसं. मावशीनं मला कडब्याच्या गंजीत घातलं. त्ये म्हनले, मी कशाला लपू, माझी काय दुस्मनी हाय."

"मला आत ऐकू येत हुतं," ती म्हणाली. "त्ये एकेकाला नावानं हाका मारत हुते. आबा, मी लाला. तुमच्या लेकीच्या लग्नातल्या गाद्या मी भरल्या. दादा, मी लाला. असं."

मी विचारू नये ते विचारलं. "मराठीत?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मग कशात?" ती म्हणाली. "गावाशी मराठीतच बोलायचं की."

मी खाली मान घातली. बाभळीच्या काट्याला हात जोडणारा माझा तो रझाकार मला आठवला, आणि तो हशा, आणि मी तो दोनदा मिळवला होता हे.

सोनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "गाव म्हनतं, आमी न्हाई केलं. भायेरचे आले हुते. व्हय, आले हुते भायेरचे. पर भायेरच्यांना घर कुनी दावलं?" मग दारातून बाहेर पाहून आवाज खाली केला. "ह्या गावात एक घर न्हाई, जिथं लालाची रजई न्हाई. थंडीत अंगावर घेतात सगळी. मीबी घेते. काय करू?"

निघताना आमिनाकडे एक बोचकं होतं, तेवढंच. सोनाबाईंनी तिची ओटी भरली. त्यांना दुसरी रीत माहीत नव्हती. तिनं कुंकवाला हात नेला तसा त्यांनी धरला. "शीव वलांडेपतुर राहू दे." गाडी निघाली तेव्हा चावडीवर कोणी नव्हतं. दारांच्या फटींतून बायका पाहत होत्या. कोणी बाहेर आलं नाही. एका दारात फक्त एक हात दिसला, पदर डोळ्यांना लावलेला.

ओढ्यात आमिनानं गाडी थांबवायला सांगितलं. खाली उतरली, पाण्यात वाकली आणि कपाळ घासून घासून धुतलं. बांगड्या काढून काठावर ठेवल्या. वर आली आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून तिची बोली आली.

"मेरेकू घर लेको चल, भाई," ती म्हणाली.

मी गाडीच्या मागच्या अंगाला तोंड करून बसले.

परत खर्ड्यात

खर्ड्याच्या वेशीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. पताका तशाच होत्या. मांडवाचे वासे अजून उतरवले नव्हते. आमिनानं मान वर करून पाहिलं.

"कुनाचं लगीन झालं?" तिनं विचारलं.

"लगीन न्हाई," चाँदभाई म्हणाले. "काल सण हुता."

"कसला?"

चाँदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई सांगतील."

त्यात टोमणा नव्हता. कीर्तनात काही उलगडून सांगायचं असलं की ते बाईंचं काम, एवढाच अर्थ. आदल्या दिवशी हजार माणसांना मी या दिवसाचा अर्थ सांगितला होता, पदांसह, दृष्टांतांसह. आता एका बाईला सांगायचा होता.

"गेल्या वर्षी या दिवसांत मोगलाई संपली," मी म्हटलं. "त्याचा."

आमिनानं विचार केला. "ते बरंच झालं," ती म्हणाली. "लई तरास हुता त्यांचा. सगळ्यांनाच हुता." गाडी थोडी पुढं गेली. मग तिनं अगदी साध्या आवाजात, खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं विचारलं, "मग आमचं का केलं?"

गाडी अण्णांच्या दारात थांबली.

अण्णा बाहेर आले. आमिनाला पाहून ती कोण हे त्यांनी ओळखलं की नाही कळलं नाही, पण बैलांचं जू सोडायला ते स्वतःच पुढं झाले, गडी असताना. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आमिना पाणी प्यायली. काकूंनी विचारलं, "कुठली गं तू?" आमिनानं गाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. काकू तिच्याजवळ पायरीवर बसल्या. त्यांचं माहेर त्याच शिवेच्या पलीकडे, एका कोसावर.

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळची मोटार आहे. पुढच्या वर्षीही बाई तुम्हीच यायचं, आताच सांगून ठेवतो."

"अण्णा," मी म्हटलं, "या बाईंनी वाटेत मला एक विचारलं. मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा." आणि मी आमिनाचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला.

अण्णा जू हातात धरून उभे राहिले. "झालं ते वाईटच झालं," ते म्हणाले. "गर्दीत कोण कोण असतं, काय सांगावं. रागावलेली माणसं. त्यांचंही..." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "त्यांचंही जळलेलं होतं."

"माझं जळलेलं हाय," काकू म्हणाल्या. दोन दिवसांत मी त्यांचा आवाज एवढा स्पष्ट ऐकला नव्हता. "माझा बाप दारात पडला. ह्या पिंजाऱ्यानं मारला हुता का त्याला?"

काकू अण्णांकडे वळल्या.

"तुमाला म्हाईत हाय. आपल्याच पडवीत बसून बोलत हुते ते. मी चहा दिला त्यांना. सांगा की आता."

चाँदभाई आमिनाचं बोचकं मांडीवर घेऊन गाडीतच बसले होते, कुणाकडेही न पाहता.

अण्णांनी जू खाली ठेवलं. भरदार आवाज कुठच्या कुठं गेला होता. "त्या गावात गेलेल्यांत दोघं आमच्या इथल्या सरहद्दीवरच्या कॅम्पातले होते," ते म्हणाले. "परत येऊन त्यांनीच सांगितलं. मी त्यांना बोललो नाही. कॅम्पाचं नाव खराब होईल म्हणून बोललो नाही. कुठं कळवलंही नाही."

"आता कुठं आहेत ते?" मी विचारलं.

"इथंच. काल मांडवात होते. पुढच्या ओळीत." ते माझ्याकडे बघेनात. "त्यातल्याच एकानं तुम्हाला ते म्हटलं. तुमच्या मागं बसलेल्याबद्दल."

काकूंनी आमिनाचा हात आपल्या हातात घेतला होता. तिनं अण्णांचं बोलणं ऐकलं, पण मांडवात काय म्हटलं गेलं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होती. मला त्या माणसाचा चेहरा लख्ख आठवला. तरुण, दात पांढरे, कपाळाला बुक्का. तो हसला होता, आणि मी त्याच्याकडे बघून हसले होते.